डोळस घेवडा

१

आप्पांनी वाटीवरचं झाकण काढलं, तेव्हा घेवड्याचे डोळे पाण्यावर तरंगत होते.

मी वेलाला आधार म्हणून काठ्या घेऊन गेले होते. गॅलरीत कुंडी भरून तयार होती आणि आप्पा नवरदेवासारखे स्वच्छ सदरा घालून बसले होते. रात्रभर भिजवलेले दाणे आज पेरायचे होते. त्यांनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"जरा बघ गं," ते म्हणाले. "मलाच दिसत नाहीये, की खरंच नाहीये?"

दाणा टरारून फुगला होता आणि अख्खा काळा होता. एकाही दाण्याला डोळा नव्हता. पाण्यावर मात्र पांढऱ्या बारीक टिकल्या फिरत होत्या. मी एक टिकली बोटावर घेऊन चोळली, तर तिचा चुरा झाला. साध्या काळ्या घेवड्याला कोणीतरी रंगाने डोळे काढले होते!

चार दाण्यांसाठी एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण हा घेवडा काकूंचा होता, म्हणजे आप्पांच्या बायकोचा. काळाकुळकुळीत दाणा आणि त्यावर पांढरा ठिपका, म्हणून डोळस घेवडा. काकू गेल्या त्याच वर्षी इमारतीला रंग लावायला घेतला आणि रंगाऱ्यांनी गॅलरीतला वेल मुळापासून कापला. आप्पांना तेव्हा कशाचंच भान नव्हतं. बी उरलं ते फक्त सीमेपलीकडच्या एका बाईंकडे, कारण काकूंनीच कधीकाळी त्यांना टपालाने पाठवलं होतं. आता आप्पांची नजर उतरत चालली होती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ती नजर फार काळाची नाही. "दिसतंय तोवर तो वेल एकदा फुललेला पाहायचाय," एवढंच आप्पा म्हणत. म्हणून बी मागवलं, पाकीट आलं, आमच्या बियांच्या देवघेवीच्या मंडळात सगळ्यांसमोर उघडलं, आणि आप्पांनी दाणे मुठीत घेतले ते घरी जाईपर्यंत मूठ सोडली नाही.

त्यांनी वाटीवर झाकण परत ठेवलं.

"कोणाजवळ बोलू नकोस. मंडळातल्याच कोणाचं तरी काम आहे हे."

मी बोलणार नव्हतेच. पण माझ्या घरी वन्सं होत्या, आणि त्यांना न बोलताच कळतं.

२

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. जळालेल्या गोदामात शिरून नुसत्या वासावरून 'माल आधीच हलवला होता' असं त्या सांगायच्या, हे माझा नवरा अभिमानाने सांगतो. माझ्या स्वयंपाकघरात साखर कोणी सांडली, हेही त्या तसंच सांगतात, म्हणून मला त्या अभिमानाचं तितकंसं कौतुक नाही. झाडांचा त्यांना कंटाळा. माझ्या बागेला त्या 'मडक्यांचं दुकान' म्हणतात.

"चेहरा का पाडलायस?" त्यांनी विचारलं, आणि मी घडाघडा सगळं सांगितलं.

"पाकीट दाखव."

ते मी आप्पांकडून मागून आणलं होतं. वन्संनी ते उलटसुलट करून पाहिलं. अक्षर पलीकडच्या बाईंचंच. तिकिटांवर शिडाच्या होड्या, टपालाचा शिक्का पुसट.

"परदेशी टपालाचा खर्च करतं कोण?"

"ज्याला बी हवं तो. पण आपले पैसे तिकडे काय कामाचे? म्हणून बी मागतानाच आम्ही त्यांच्या देशाची कोरी तिकिटं सोबत घालतो. कोणाचं माणूस परदेशी गेलं की येताना तिकिटं आणायला सांगायचं, आणि सगळी एका डब्यात ठेवायची. पाठवणाऱ्याने तीच लावायची, म्हणजे त्याच्या खिशाला चाट नाही. पलीकडच्या बाई तर इतक्या काटेकोर, की तिकीट उरलं तर परत पाठवतात."

"अरे वा. बरी माणसं दिसतात तुमची."

"आहेतच."

"म्हणून तर काळजी वाटते. लबाड माणसांचा दावा मी चहा निवायच्या आत निकालात काढायचे. बऱ्या माणसांचे फार वेळ खातात." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "चल, मला तुमचं मंडळ दाखव."

३

आमचं मंडळ भरतं ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत. एक लांब टेबल, बियांच्या बाटल्यांचं पत्र्याचं कपाट, आणि टेबलावर जुना पितळी तराजू. त्याच्या एका पारड्यात कायमची एक निळ्या कापडाची, शिवून बंद केलेली पुरचुंडी बसलेली असते. तेच आमचं वजन. दुसऱ्या पारड्यात बियांचं पाकीट ठेवायचं, आणि पारडी सारखी झाली की पाकीट बंद करायचं. त्याहून जड झालं तर टपालखर्च एकदम दुप्पट होतो. कोणी नवीन आलं की आधी त्या पुरचुंडीला हसतं, आणि मग तिच्यावरच भरवसा ठेवायला शिकतं.

मंडळातले बाकीचे तिघंही हजर होते. आप्पांची गोष्ट वन्संनी एका दमात सांगून टाकली.

पहिले उसळले ते दातांचे डॉक्टर. त्यांची गच्ची म्हणजे आमच्या गावचं प्रदर्शन, आणि दुसऱ्याकडचं बी पाहिलं की त्यांची बोटं शिवशिवतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"मी कधीचा ओरडतोय! इथे बी गायब होतं! परदेशातले लोक मलाच लिहितात, हल्ली तुमच्या पाकिटात दाणे कमी असतात, मूठ का आखडलीत म्हणून! आपण तर काट्यावर तोलून भरतो. मग जातात कुठे?"

ते खोटं नव्हतं. टपालाच्या खिडकीवरचा माणूससुद्धा मला परवा म्हणाला होता, "वहिनी, अजून दोनचार दाणे मावले असते की यात."

"माझ्याकडे बघून बोलू नका," केमिस्ट म्हणाला. हा औषधाच्या दुकानाचा मालक, आणि तिकिटांचा डबा याच्या ताब्यात. "मी तिकिटं सांभाळतो, दाणे नाही."

तिसऱ्या आमच्या ग्रंथपाल बाई. पाकिटं वाचनालयाच्या पत्त्यावर येतात, म्हणून पहिल्यांदा यांच्याच हाती पडतात. त्या टेबलावर सांडलेलं बी वेचत बसल्या होत्या.

"पांढरा रंग कोणाकडे असतो?" वन्संनी विचारलं.

यावर तिघं एकमेकांकडे पाहायला लागले, कारण तो तिघांकडे होता. डॉक्टरांकडे दातात भरायचं पांढरं, केमिस्टकडे खाडाखोड झाकायचा पांढरा रंग, आणि ग्रंथपाल बाई काळ्या पुस्तकांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने क्रमांक घालतात.

"असू दे. या हंगामात काय लावलंय तुम्ही?" वन्संनी असं विचारलं, जणू शेजारणीशी गप्पा मारायला बसल्यात. मी चाटच पडले. यांना आणि लावणीत रस?

"चवळी, भोपळा," डॉक्टर म्हणाले. "चवळी मी कोमट पाण्यात भिजवतो. लोक आळस करतात."

"वाल. रात्रभर भिजवून मग ओल्या फडक्यात," केमिस्ट म्हणाला.

"मी आपली फुलंवाली," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. "खसखशीएवढं बी. मातीवर भुरभुरायचं, की झालं."

"सोपं दिसतंय. मलाही जमेल." वन्सं केमिस्टकडे वळल्या. "आप्पांचं बी मागवताना तिकिटं कुठली घातली होती?"

"देवमासे!" केमिस्टचा चेहरा खुलला. "माझ्या बहिणीने तिकडून आणलेली, नवी कोरी. निळे देवमासे. पाठवताना जीवावर आलं होतं हो. सगळ्यांसमोर घातली, विचारा कोणालाही."

वन्संनी टेबलावर पाकीट ठेवलं. त्यावर शिडाच्या होड्या होत्या.

४

"बाईंनी देवमासे ठेवून घेतले असतील," घरी आल्यावर मी म्हटलं. "सुंदर तिकिटं आहेत, मोह होतो माणसाला."

"उरलेलं तिकीट परत करणारी बाई? तूच सांगितलंस ना?" वन्संनी चहा बशीत ओतला. "हे पाकीट जुनं आहे. कुठल्यातरी जुन्या बियांचं. बाईंनी या खेपेला काही पाठवलेलंच नाही. म्हणजे बी चोरीला गेलेलं नाही, ते आलंच नव्हतं. आणि ज्याने हे सोंग उभं केलं त्याला ते येणार नाही हे आधीच ठाऊक होतं."

"मग डॉक्टर कशावरून नाहीत? त्यांना तर..."

"अगं, जो माणूस चवळी कोमट पाण्यात भिजवतो, तो घेवड्याला रंग लावून आप्पांच्या हातात देईल? त्याला माहीत आहे ना, दुसऱ्या दिवशी दाणा फुगणार आणि रंग सुटणार. केमिस्टलाही माहीत आहे. घेवडा पेरण्याआधी भिजवतात, हे तुमच्यात एकाच माणसाच्या ध्यानात येणार नाही. जो बी नुसतं भुरभुरतो त्याच्या."

मी चहा तसाच ठेवला. ग्रंथपाल बाईंनी मला पुस्तकं निवडून दिली होती, माझ्या आजारपणात घरी आणून दिली होती. मला वन्संचा रागच आला. जणू त्यांनीच काहीतरी चोरलं होतं.

वाचनालयात दुपारची सामसूम होती. ग्रंथपाल बाई एका काळ्या पुस्तकाच्या पाठीवर आकडा काढत होत्या. वन्सं समोरच्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "देवमासे कुठे आहेत?"

ब्रश थांबला. बाईंनी खण उघडला आणि तिकिटं टेबलावर ठेवली. निळी, कोरी, एकही शिक्का नसलेली.

"पलीकडच्या बाई गेल्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पुतण्याचा इथे फोन आला होता. घर विकलं. बाग उपटून गाड्या लावायला फरशी घातली. बी शोधलं म्हणाला, नाही मिळालं. तिकिटं वापरली नव्हती म्हणून तेवढी परत पाठवली त्याने."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"सांगणारच होते हो! पण त्याच दिवशी आप्पा आले. कुंडी घेतली म्हणाले. ती कुठे ठेवायची, ऊन कुठून येतं, सगळं हातांनी दाखवत होते. माझी जीभच उचलेना." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बाईंचं एक जुनं पाकीट पुस्तकात खुणेला ठेवलेलं होतं, तेच परत चिकटवलं. काळा घेवडा वाण्याकडून आणला. म्हटलं, वेल तर येईल, फूल तर येईल. त्यांना दिसेल तेवढं दिसेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी गदागदा हलवावंसंही वाटलं.

"आप्पांना सांगावं लागेल," वन्सं म्हणाल्या.

"मीच सांगते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "पण मग त्यांच्याकडे उरलं काय?"

वन्सं उठून मागच्या खोलीत गेल्या. मी डोकावले, तेव्हा त्या तराजूसमोर उभ्या होत्या आणि ती निळी पुरचुंडी त्यांच्या तळहातावर होती.

"ही मी नेते," त्या म्हणाल्या. "उद्या परत देईन."

५

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. ग्रंथपाल बाईंनी उभं राहून सांगितलं, काहीही न लपवता. डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं, ते केमिस्टने त्यांचा दंड दाबल्यावर मिटलं.

आप्पा टेबलाची कड चाचपत खुर्चीवर बसले.

"त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "हिची मैत्रीण ती. एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण बी जायचं-यायचं." मग ते ग्रंथपाल बाईंकडे वळले. "डोळे मात्र छान काढले होतेस गं. फक्त सगळे एकसारखे काढलेस. खरे डोळे कधी एकसारखे नसतात. माझ्या वर्गात असतीस तर सांगितलं असतं."

बाई रडायला लागल्या. आप्पांनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बघवेना.

"चला, संपलं," आप्पा म्हणाले. "गेला घेवडा."

"एक दावा अजून शिल्लक आहे," वन्सं म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. आता यांचं काय नवीन, असं माझ्याही मनात आलं.

"डॉक्टर म्हणतात, पाकिटात दाणे कमी भरतात. टपालखिडकीवरचा माणूस हिला म्हणतो, अजून मावले असते. तुम्ही सगळे बियांचा चोर शोधताय. आज सकाळी मी टपालखिडकीवर जाऊन ही तोलून आणली." त्यांनी पिशवीतून पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "तुमचं वजनच हलकं झालंय. म्हणून पाकिटं हलकी."

"असं कसं होईल?" केमिस्ट म्हणाला. "वर्षानुवर्षं तीच आहे. फाटली नाही, उसवली नाही."

"तेच तर. मग यात आहे काय?"

"वाळू असेल," डॉक्टर म्हणाले.

"वाळू हलकी होत नाही. खडे होत नाहीत, नाणी होत नाहीत. सुक्या कपाटाशेजारी बसून बसून जे हलकं होतं, त्यात कधीतरी पाणी होतं. म्हणजे ते जिवंत होतं." वन्सं आप्पांच्या बाजूला बसल्या. "ही शिवली कोणी?"

आप्पांची मान वर झाली.

"हिने," आप्पा म्हणाले. "मंडळ नवीन होतं, वजनं घ्यायला पैसे नव्हते. ही टपालखिडकीवर जाऊन मापून आली आणि शिवून टाकली. आत काय घातलं ते मी विचारलंच नाही. तिच्या हाताशी जे असेल ते."

डॉक्टरांनी खिशातून कात्री काढली.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांनी पुरचुंडी घेतली आणि अंगठा शिवणीवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "टाके तिचे आहेत."

कात्री परत खिशात गेली. मग ग्रंथपाल बाईंनी सुई मागितली. त्यांनी ती शिवण कापली नाही. एकेक टाका सुईच्या टोकाने सोडवत गेल्या, कापडाला धक्का न लावता. शेवटचा टाका सुटला तशी त्यांनी पुरचुंडी आप्पांच्या ओंजळीत रिकामी केली.

काळे दाणे होते, आणि प्रत्येकाला डोळा होता. कोणाचा मोठा, कोणाचा तिरका, कोणाचा अर्धवट मिटल्यासारखा.

आप्पांनी बोट जिभेला लावलं आणि एका दाण्याचा डोळा घासला. पुन्हा घासला. तो गेला नाही.

"अगं वेडे," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणाला नव्हे.

६

दाणे जुने होते, बरेच कुजले. डॉक्टर रोज येऊन पाण्याचं तापमान बघत, म्हणून आप्पा वैतागले होते. पण थोडे रुजले, आणि एक वेल अगदी गॅलरीच्या वरच्या दांडीपर्यंत चढला. फुलं आली तेव्हा आप्पा स्टुलावर बसून नाक पाकळ्यांना टेकेल इतक्या जवळून पाहत होते. जांभळा रंग कडेला कसा विरतो ते त्यांनी मला समजावून सांगितलं. मला तो तसा कधी दिसला नव्हता.

शेंगा वाळल्यावर ते वाचनालयात आले. पुरचुंडीत आता वन्संनी स्वतः चाळलेली वाळू होती आणि टाके ग्रंथपाल बाईंचे. त्या तराजूवर आप्पांनी एक पाकीट भरायला लावलं. पत्ता पलीकडच्या बाईंच्या पुतण्याचा.

"त्याच्याकडे बाग कुठाय?" केमिस्ट म्हणाला. "फरशी घातलीय ना?"

"कुंडी तर मावेल? बी एकाच घराच्या भरवशावर ठेवलं की काय होतं ते पाहिलंय मी." आप्पांनी हात पुढे केला. "माझे देवमासे दे."

केमिस्टने डबा उघडला. जड मनानेच, पण दिले. आप्पांनी ते पाकिटात घातले आणि मला चिठ्ठी लिहायला सांगितली, कारण आता त्यांना ओळ सापडत नव्हती.

"लिही. हा तुझ्या काकूचा घेवडा आहे आणि माझ्या बायकोचा. आमचा वेल कधी गेला, तर यातले थोडे परत पाठव. टपालखर्च सोबत जोडला आहे."

पाकीट मीच टपालखिडकीवर नेलं. माणसाने ते काट्यावर ठेवलं आणि मान हलवली.

"आज बरोबर भरलंय, वहिनी," तो म्हणाला.